गुणगौरवाला जाण्यापूर्वी

गावाकडून फोन येईल. सव्वीस जानेवारीला झेंड्याला या, शाळेतल्या पोरांना दोन शब्द सांगा, तुम्ही आपल्याच शाळेचे. नाही म्हणू नका. पुण्यात आपल्याला लिफ्टमधला शेजारीसुद्धा ओळख देत नाही. गावात फेटा बांधतात, 'साहेब' म्हणतात. तिथे आपण अजून उदाहरण आहोत. शिकलं की माणूस वर येतो, याचं चालतंबोलतं उदाहरण. फक्त उदाहरणानं थोडी तयारी करून जावं.

भाषण कंदिलापासून सुरू करा. गावात वीज तुमच्या जन्माआधी आलेली असली तरी कंदील हवाच. भारनियमनाच्या नावावर तो खपून जातो. मग अनवाणी पायपीट. अंतर दर भाषणाला अर्धा किलोमीटर वाढवायला हरकत नाही, टेप घेऊन कुणी मोजायला जात नाही. मी माझं दोनावरून साडेचारवर आणलंय. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती, हे सांगताना थांबा आणि पाण्याचा घोट घ्या. ते खरं असेल तर घोट जरा मोठा घ्या.

काय सांगायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. शाळा जिल्हा परिषदेची होती आणि फी नव्हती, हे सांगू नका. गुरुजी गावातच राहायचे, स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी पोरांना शाळेतच झोपवायचे, पहाटे उठवून गणितं घालायचे आणि त्याचा एक रुपया त्यांनी कधी मागितला नाही, हेही नको. कॉलेजात ईबीसीची, म्हणजे आर्थिक मागासांसाठीची, फीची सवलत होती, समाजकल्याणच्या वसतिगृहात दोन वेळचं जेवण होतं, याचा तर उच्चारही नको. पोरांचा गैरसमज होईल की माणूस वर येतो तो कुणीतरी वरून हात दिला म्हणून. त्यांना जिद्द सांगा. जिद्दीसाठी सरकारला बजेटात तरतूद करावी लागत नाही.

इतिहासाची फोडणी द्यावीशी वाटेल. जरूर द्या, पण बेतानं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यातून सुटलो, तोवर विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. १९५८ ला मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. ज्यांच्या घरात कुणी पाटी धरली नव्हती त्यांची पोरं पदवीधर झाली. टाळ्या इथंच पडतात, इथंच थांबा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ ला झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत कुणाची घरं जळाली, हा विषय काढू नका. दुसऱ्याच्या पोरानं शिकायला आपला कधीच विरोध नव्हता. तो शिकून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसू लागला तेव्हा जरा अवघड झालं, एवढंच.

भाषण झालं की चहाच्या वेळी एखादा बाप गाठेल. 'साहेब, पोरगं हुशार हाय, काय करावं?' याला उत्तर एकच: 'लातूरला टाका.' हे उत्तर सर्व जिल्ह्यांत चालतं, लातुरातसुद्धा. नीटच्या ७२० पैकी किती लागतात ते सांगा आणि घड्याळ बघा. तो फीचं विचारील. इथं आकडा रुपयांत देऊ नका, त्याला तो सोयाबीनमध्ये मोजायची सवय आहे. समजा क्लासची फी वर्षाला एक लाख धरली. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे साधारण साडेवीस क्विंटल. कोरडवाहू एकराला सहा-सात क्विंटल आले तर देव पावला. तीन एकर झाले. यात बी, खत, फवारणी धरलेली नाही, खोली आणि मेसचा डबा धरलेला नाही. शिवाय त्या हंगामात बाजारात भाव हमीभावाच्या खालीच होता, ही बारीक गोष्ट वेगळी. ज्याच्याकडं दोनच एकर आहेत, त्याला म्हणावं, 'शिक्षण ही गुंतवणूक आहे.' हे वाक्य म्हणताना खांद्यावर हात ठेवतात.

तुमची स्वतःची मुलं कुठं शिकतात, हे कुणी विचारणार नाही. विचारलंच तर 'सीबीएसई' एवढंच म्हणा, शाळेचं नाव घेऊ नका. आणि तुम्ही गावातच राहणारे, पण चारचाकी बाळगून असाल, तर आरटीई विसरू नका. २००९ च्या त्या शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्यात, त्यात आर्थिक दुर्बलांना लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. ऊस तोडणाऱ्याला तहसीलच्या चकरा जमत नाहीत, तुम्हाला जमतात. सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्यासारखाच विचार केला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलैत उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. न्यायालयाला गावाकडची परिस्थिती कळत नाही.

फारच वर आला असाल तर संस्था काढा. संस्थेला आईचं नाव द्या. प्राध्यापक तासिका तत्त्वावर घ्या, नेट-सेट, पीएच.डी. झालेली पोरं मिळतात, मोटारसायकलवर दोन-दोन कॉलेजं करतात. त्यांनाही कुणीतरी एकदा सव्वीस जानेवारीला जिद्द सांगितलेली असते.

आता बक्षिसं. यात एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. बीडकडच्या शाळांत सव्वीस जानेवारीला पट आणि पोरं यांचा मेळ बसत नाही. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकात बसून साखर कारखान्यांकडं गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी सांभाळणारं कुणी असेल तर लेकरू मागं राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पण थोडी मोठी झालेली पोरगी सोबत जाते, कारण कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं आणि भाकरी टाकायच्या असतात. तर, नाव पुकारलं जातं आणि कुणी उठत नाही. अशा वेळी माइकवर 'अनुपस्थित' म्हणावं आणि पुढचं नाव घ्यावं.

माझ्या वेळी तसं झालं नाही. निबंधात पहिली आलेल्या सहावीतल्या मुलीचं नाव घेतलं आणि मागच्या बाजूनं एक म्हातारी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. प्रमाणपत्र तिनं उलटं धरलं, कंपासपेटी सुलटी. फोटोग्राफर म्हणाला, 'आजी, इकडं बघा.' तिनं बघितलं नाही, ती माझ्याकडं बघत होती.

'बाप्पा, तुमी पुण्याकडंच जाणार ना?'

हो म्हटलं.

'त्या अंगालाच हाय ती. बारामतीकडं, कारखान्यावर. एवढी पेटी तिला नेऊन देता का? चैतापस्तोर कशाला ठिवायची, तिला आत्ता लागल.'

अशा प्रसंगी काय करावं, याची तयारी मी केली नव्हती, तुम्ही करा. वाट वाकडी पडते, कारखाना कोणता ते तिलाही नीट ठाऊक नसतं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला मीटिंग असते, ही तिन्ही कारणं खरी आहेत. मी मात्र पेटी घेतली. सगळे बघत होते, फोटोग्राफरही होता.

परवा पीयूसीचा कागद शोधताना ती गाडीच्या खणात हाताला लागली. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.