‘आता काय शिकणार?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांबद्दल एक मेसेज फिरतोय. म्हणे या मुलांचं मानसिक वय सहा-सातवर थांबतं, बारा वर्षांनंतर ती नवं काही शिकत नाहीत, तेव्हा हायस्कूलच्या वयात शाळेत पाठवण्याऐवजी त्यांना घरी सुरक्षित ठेवावं. मी विशेष शिक्षिका आहे, याच वयाची मुलं शिकवते. यातलं काहीच मला पटत नाही.

‘मानसिक वय’ हा चाचणीतून निघालेला आकडा आहे, तो म्हणजे माणूस नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीला पाळी येते, कुणीतरी आवडायला लागतं, खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटतं. तिच्या हातात बडबडगीतांचं पुस्तक द्यायचं? चीड येते मला. तिला पॅड बदलता यायला हवं, कपडे कुठे बदलायचे आणि कुठे नाही हे कळायला हवं. हे सहाव्या वर्षी कसं शिकवणार?

बारानंतर शिकणं थांबतं, हे तर मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाने १९७२ सालीच खोडून काढलंय. मध्यम आणि तीव्र अक्षमता असलेल्या किशोरवयीन मुलांना त्यांनी सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. भागांना खुणेचा रंग दिला, तेव्हा मुलं आणखी लवकर शिकली. म्हणजे बदलायची होती ती शिकवण्याची पद्धत.

शिवाय शिक्षण हा त्यांचा हक्क आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं २४ वं कलम सर्व स्तरांवरच्या शिक्षणाबद्दल बोलतं, फक्त प्राथमिक नाही.

राहिली सुरक्षितता. ‘नको’ म्हणायला, घडलेलं सांगायला जे मूल शिकलंच नाही, ते घरातही सुरक्षित नसतं. त्रास देणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो. माझ्या एका विद्यार्थ्याला बसप्रवास शिकवायला सहा महिने लागले. खिशातल्या कार्डावरचा नंबर बसच्या पाटीशी जुळवायचा, जुळला तरच चढायचं. आधी मी शेजारी बसायचे, मग दोन सीट मागे, मग थांब्यावरच दूर उभी. एके दिवशी भलतीच बस आली. त्याने कार्ड काढलं, पाटी पाहिली, मान हलवली आणि बस जाऊ दिली. आता वाटेत बस बंद पडली तर काय करायचं, याचा सराव चालू आहे.