प्रारूप आधीच गृहीत धरले, तर चाचणी कशाची?

दीर्घिका विश्वात कशा विखुरल्या आहेत, यावरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) अंतरे काढताना विश्वाचे एक प्रारूप (मॉडेल) गृहीत धरायचे आणि त्याच अंतरांवरून ते प्रारूप तपासायचे, हा चक्राकार युक्तिवाद झाला. शिवाय ठिपक्यांच्या गर्दीत डोळ्याला आकृत्या दिसतातच.

डोळ्यावर येथे काहीच सोपवलेले नसते. ठरावीक अंतरावरच्या दीर्घिकांच्या जोड्या मोजून, आकाशाच्या त्याच भागात यदृच्छया विखुरलेल्या बिंदूंच्या जोड्यांशी त्यांची तुलना करतात. तेजस्वी ताऱ्याशेजारचा जो तुकडा सर्वेक्षणातून वगळला असेल, तो बिंदूंमधूनही वगळतात. २००५ मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणातील ४६,७४८ दीर्घिकांवर हे केले, तेव्हा सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराशी आलेखात एक लहानसा उंचवटा दिसला. तेथे जोड्यांचे आधिक्य एक टक्क्याच्या आसपास होते, आणि तेवढे कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे होईपर्यंत तप्त वायूतून धावलेल्या ध्वनिलहरींची ती खूण आहे.

चक्राकार युक्तिवादाचा मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. दुर्बिणीतून आपल्याला मिळतात ते फक्त आकाशातले कोन आणि ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे. त्यांचे अंतरांत रूपांतर करण्यासाठी प्रारूप लागतेच. पण ते चुकीचे असेल तर हा उंचवटा अपेक्षित जागेवरून सरकतो, आणि दृष्टिरेषेच्या दिशेने जितका सरकतो तितकाच तिच्या आडव्या दिशेने सरकत नाही. सर्व दिशांना सारखी, म्हणजे गोल असायला हवी ती आकृती लांबट किंवा चपटी होते. हे सरकणे किती, हीच तर मोजण्याची राशी आहे. गृहीत प्रारूप म्हणजे केवळ मोजपट्टीवरची तात्पुरती खूण. डेसी (DESI) या दीर्घिकांच्या नव्या सर्वेक्षणाने सुरुवातीला धरलेल्या प्रारूपात कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा, स्थिर होती. तरीही २०२५ मध्ये १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांच्या (अतिदूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या) मोजणीला इतर निरीक्षणांची जोड दिल्यावर कल निघाला तो कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असल्याकडे. शोध म्हणून जाहीर करण्याइतका तो भक्कम नाही, पण गृहीतकच उत्तर ठरवीत असते तर तो निघालाच नसता.

एका बाबतीत आपण माझी चूक दाखवून दिली आहे. दीर्घिकांचे पुंजके म्हणजेच द्रव्याचे पुंजके, असे मी सरसकट लिहिले होते. दीर्घिका कृष्णद्रव्याच्या (प्रकाश न देणाऱ्या, न दिसणाऱ्या द्रव्याच्या) दाट जागी अधिक जन्मतात, त्यामुळे तेजस्वी दीर्घिकांचे पुंजके प्रत्यक्ष द्रव्यापेक्षा अधिक ठळक दिसतात. उंचवट्याच्या जागेवर याचा परिणाम फारच थोडा होतो, परंतु पुंजक्यांच्या तीव्रतेवरून काढलेला कोणताही निष्कर्ष या फरकाचा हिशेब धरल्याशिवाय मान्य करता येत नाही. ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.