दानशेन घेतली की स्टेंट टळतो? एका निरोपाला उत्तर

‘हृदयाच्या नसांमधले ब्लॉकेज चिनी मुळीने साफ होतात, चीनमध्ये पूर्वापार हेच चालतं, वनस्पतीच असल्याने अपाय नाही, गोळ्या आणि अँजिओप्लास्टीची गरजच उरत नाही’ अशा आशयाचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मुळीचं नाव दानशेन. तिची मुळं लाल असतात आणि चिनी वैद्यकात ती छातीच्या दुखण्यावर खरोखरच फार जुन्या काळापासून वापरली जाते. निरोपातला एवढा भाग बरोबर आहे.

चीनमध्ये स्टेंटऐवजी हेच देतात? नाही. चीनमध्ये दरवर्षी दहा लाखांहून जास्त अँजिओप्लास्टी होतात, म्हणजे नस फुगवून बहुधा स्टेंट बसवला जातो. आणि ज्या चिनी औषधांचा हृदयरोगावर चांगला अभ्यास झाला आहे, ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीने दिली गेली. ‘टोंगशिनलुओ’ या कॅप्सूलची चाचणी चीनमधल्या 124 रुग्णालयांत, हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या 3,777 रुग्णांवर झाली. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना कॅप्सूल घेणाऱ्यांत 3.4 टक्के होत्या, तर तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांत 5.2 टक्के. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण दोन्ही गटांना आधुनिक औषधं चालू होती आणि बहुतेकांची अँजिओप्लास्टीही झाली होती. शिवाय ही कॅप्सूल नुसती वनस्पतींची नाही, तिच्यात जळू, विंचू आणि गोमही असते.

‘छीलीछियांगशिन’ हे हृदय कमकुवत झालेल्यांसाठीचं 11 वनस्पतींचं औषध, आणि त्यात दानशेन आहे. 3,110 रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आलं. इथेही रुग्णांच्या नेहमीच्या गोळ्या सुरूच होत्या. मग ज्या पुराव्यावर या औषधांची भिस्त आहे, त्याचाच आधार घेऊन ‘गोळ्या सोडा’ कसं सांगता येईल?

वनस्पती आहे, म्हणून अपाय नाही? मला सर्वांत जास्त काळजी या वाक्याची वाटते. कृत्रिम झडप बसवलेले अनेक जण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात. दानशेन त्या गोळीचा परिणाम वाढवते. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरफरिन चालू असताना दानशेन घेतलेल्या रुग्णांचं रक्त धोकादायक इतकं पातळ झाल्याच्या नोंदी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 1990च्या दशकातच केल्या आहेत. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण कमी नाहीत, आणि हा निरोप त्यांच्याही फोनवर येतो.

दुसरं उदाहरण ‘फूझी’चं. हा आपल्या बचनागाच्या जातकुळीतला कंद. त्यातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित करू शकतं, म्हणून तो नीट प्रक्रिया केल्याशिवाय आणि बराच वेळ उकळल्याशिवाय देत नाहीत. आपले वैद्यही बचनाग शोधन, म्हणजे त्याचं विष कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. ही खबरदारी दोन्ही परंपरांना ठाऊक आहे, निरोपात मात्र तिचा उल्लेखच नाही. चिनी काढ्यांमध्ये सर्रास असणारा ज्येष्ठमधसुद्धा जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी घेणाऱ्याला हे महागात पडू शकतं.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या विषारी, चिनी लाल तांदूळ निर्धोक? बुरशीने आंबवलेल्या या तांदळातलं मोनाकोलिन-के हे द्रव्य आणि लोव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. गोळीत मात्रा ठरलेली असते, तांदळात ती प्रत्येक उत्पादनात वेगळी निघते.

करून पाहायला काय हरकत? चालू गोळ्यांची यादी दाखवून हृदयरोगतज्ज्ञाला आधी विचारलं तर बोलता येईल. वॉरफरिन चालू असेल तर दानशेन नकोच. घेऊन झाली असेल तर डॉक्टरांना तसं सांगून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे ते दाखवणारी चाचणी, करून घ्या. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर काढा उकळत बसू नका. बंद नसेमागचा हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. 108ला फोन करा.