एक लाख लुमेनवाल्या टॉर्चचा फॉरवर्ड: एकेक दावा धरून उत्तर

पाऊस तोंडावर आला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा आधी आमच्या गोव्यातल्या वाड्याच्या ग्रुपवर आला, मग देवळाच्या कमिटीच्या ग्रुपवर, मग बहिणीने पेडण्याहून पाठवला आणि खाली विचारलं, घेऊया का रे दोन? म्हटलं आता सरळ लिहूनच टाकतो. ज्यांच्याकडे अजून पोचला नाही त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: सेलवाल्या जुन्या बॅटऱ्या आता भंगार झाल्या, चारशे-पाचशे रुपयांत ऑनलाईन मिळणारी 'मिलिटरी' टॉर्च घ्या, एक लाख लुमेन (हे उजेडाचं माप) उजेड, आत ९९०० एमएएचचा (सेल किती चार्ज धरतो त्याचं माप) सेल, एकदा चार्ज केली की शंभर तास, पाठीवर सोलर आहे त्यामुळे लाईट आठवडाभर नसली तरी चिंता नाही, पूर्ण वॉटरप्रूफ, एलईडी ५० हजार तासांचा म्हणजे आयुष्यभराची खरेदी. खाली टिपा: कायम प्लगला लावून ठेवा, सेल फ्रिजमध्ये ठेवा, संपलेले सेल उन्हात टाकले की परत भरतात.

यातलं थोडंथोडं अर्धवट खरं आहे, म्हणून तर लोक पटकन मानतात.

आधी लाख लुमेन आणि शंभर तास. हे दोन आकडे एकाच खोक्यावर छापायला हिंमत लागते बाबा. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब ८००-९०० लुमेन देतो, म्हणजे लाख लुमेन म्हणजे असले शंभरावर बल्ब एकदम पेटवल्यासारखं, तेही मुठीत मावणाऱ्या टॉर्चमधून. या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्यातला असला तर तो साधारण १२ वॉट-तास वीज धरतो, आणि चांगला एलईडी एका वॉटमागे शंभरच्या आसपास लुमेन देतो. झालं, हिशोब एवढाच. सगळं मिळून हातात १२०० लुमेन-तास आहेत, ते कसे खर्चायचे ते तुम्ही बघा. १२ लुमेनवर शंभर तास चालेल, १२० लुमेनवर दहा तास, हजारावर तासभर आणि टॉर्च हाताला चटके देईल ते वेगळंच, आणि लाख लुमेन खरंच काढायचे म्हटले तर ४३ सेकंद. अर्थात तेवढा करंट त्या सेलातून निघतच नाही, त्यामुळे ४३ सेकंद पण विसरा.

९९०० एमएएच तर शुद्ध थाप. या मापाच्या सेलात नावाजलेल्या कंपन्यासुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात, फार तर चार हजार. ९९०० लिहिलेल्या सेलात कधीकधी हजार-बाराशेच असतात. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वजन. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट बराच हलका लागतो, बाजारात ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर ठेवून बघा, हसेल तो पण करेल. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) छाप, आयएस १६०४६ आणि आर पासून सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आहे का तेही बघायचं, लिथियम सेलांना आपल्याकडे ते सक्तीचं आहे.

प्रामाणिक कंपनीच्या खोक्यावरचा रनटाइमसुद्धा जरा समजून घ्या. एफएल१ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे '५०० लुमेन, ८ तास' लिहिलंय म्हणून आठ तास ५०० मिळणार असं नाही, पहिली काही मिनिटं झगझगाट आणि मग बराच वेळ पन्नास-साठवर रखडत पण चालू शकते. हे खोटं नाही, पण गिऱ्हाईक फसतं.

आणि मुळात एवढा उजेड कशाला हवाय? लाईट गेल्यावर आपण काय करतो ते आठवा. जेवण वाढायचं, पोरांना झोपवायचं, न्हाणीत जायचं, मेन स्विचकडे बघायचं, फार तर गोठ्यात नाहीतर कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला पंप बघून यायचं. खोलीत तीस-चाळीस लुमेनची टॉर्च पांढऱ्या भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून उभी ठेवली की चार माणसं नीट जेवतात (कौलाचं छप्पर असेल तर भिंत बरी, कौलं उजेड खाऊन टाकतात). बाहेर जायला शंभर-दीडशे पुष्कळ. बाहेरचा खरा प्रश्न सापाचा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, मण्यार तर रात्रीच फिरते, आणि फुरसं एवढंसं, रंग वाळक्या पानासारखा, पायाखाली येईपर्यंत कळत नाही. त्याला पायापुढच्या दहा फुटांत पसरट उजेड लागतो. ही झूमवाली टॉर्च झूम केली की समोर एक चौकोनी ठिपका पडतो, बाजूला सगळा काळोख. अर्धा किलोमीटर लांब झोत पहिल्या पावसात बेडूक धरायला जाणाऱ्यांना लागत असेल, आणि बेडूक मारणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तो उपयोग पण बाद.

पांढराफेक निळसर उजेड आणखी एक त्रास देतो, पावसात पंखवाले किडे ढिगाने येतात, ताटात पडतात. पिवळसर उजेडाला ते कमी येतात. दुकानात दोन्ही असतील तर घरातली पिवळी घ्या.

आता 'सेलवाल्या बॅटऱ्या भंगार' हा मुद्दा, माझं खरं भांडण याच्याशी आहे. जुन्या फिलामेंट बल्बवाल्या तीन सेलांच्या पितळी टॉर्चबद्दल म्हणत असाल तर मान्य, तो बल्ब सेल पिऊन टाकायचा. पण आज पेन्सिल सेलवर चालणारी साधी एलईडी टॉर्च दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते, दोन अल्कलाइन सेलांवर तीसेक लुमेनने पंधरा तासांच्या आसपास जाते, म्हणजे रोज संध्याकाळचे चार तास धरले तर तीन-चार रात्री. आणि संपली की सेल बदलला, विषय संपला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडं तारांवर पडून कितीतरी गावांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती, अशा वेळी चार्जिंगवाली टॉर्च पहिल्या दुसऱ्या रात्रीच मान टाकते, पॉवर बँक मोबाईलला पुरत नाही, आणि वाड्यावरच्या दुकानात मिळतं काय तर पेन्सिल सेल आणि मेणबत्त्या. १८६५० सेल गावच्या दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. मला विचाराल तर टॉर्च घेताना एकच प्रश्न विचारायचा, तिसऱ्या रात्री पेटणार का?

सेल मात्र नीट घ्या. दहा-पंधरा रुपयांचे साधे झिंक-कार्बन सेल घड्याळाला ठीक, टॉर्चमध्ये लवकर बसतात आणि गळतात. अल्कलाइनची ताकद कितीतरी जास्त, पण तेही संपल्यावर आत राहिले तर गळतात, ती पांढरी पूड धरते ना स्प्रिंगवर, ती त्यातल्या पोटॅश अल्कलीची, हाताला लावू नका, व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसायची. दिवाळीनंतर सेल बाहेर काढून ठेवायचे. ज्यांच्याकडे लाईट सारखी ये-जा करते त्यांनी रिचार्जेबल निकेल सेल घ्यावेत, मात्र लो सेल्फ डिस्चार्ज लिहिलेले. २००५ मध्ये सान्योने एनलूप काढले तेव्हापासून हा प्रकार आलाय, आधीचे रिचार्जेबल सेल नुसते ठेवले तरी दोन-तीन महिन्यांत उतरायचे, हे वर्षभराने पण बराचसा चार्ज धरून असतात. आणि घरातल्या सगळ्या टॉर्च एकाच मापाच्या सेलाच्या घ्या, घड्याळात, रिमोटमध्ये, रेडिओत जो जातो तोच, म्हणजे अडीअडचणीला रिमोटमधला काढून टॉर्चमध्ये घालता येतो. एका भारी टॉर्चच्या पैशात अशा दोन-तीन येतात, एक स्वयंपाकघरात, एक उशाशी, एक दाराच्या खिळ्याला.

मी लिथियमच्या विरुद्ध नाही हं. सेल बाहेर काढता येणारी, टाइप-सी चार्जिंगची, चार-पाच पातळ्यांवर उजेड कमी करता येणारी टॉर्च बजेटमध्ये बसत असेल तर दुसरी म्हणून जरूर घ्या. पहिली पेन्सिल सेलवाली.

'कायम प्लगला लावून ठेवा' ही टीप सगळ्यात वाईट, ती कोणी पाळू नका. ज्या स्वस्त टॉर्चच्या बुडातून दोन पिना बाहेर येतात आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लागतात, त्यात बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतोच, एका कॅपेसिटरने २३० व्होल्टचा करंट कमी करतात एवढंच. म्हणजे आतला सगळा भाग मेन लाईनशी जोडलेला असतो. टोपण सैल असलं, फट पडली असली, ओल्या हाताने धरली तर झटका बसू शकतो, चार्जिंगला असताना पेटवून बघणं तर अजिबात नको. यात पुष्कळदा ४ व्होल्टचा छोटा शिसे-अ‍ॅसिड सेल असतो, तो नेहमी प्लगला राहिला तर आतलं पाणी सुकून मरतो, आणि उलट चार महिने कपाटात रिकामा राहिला तर सल्फेट धरून मरतो. घरोघरी त्या 'एमर्जन्सी' लाईट चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) लावायला काढल्या की पेटत नाहीत त्या याच्यामुळेच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी महिन्यातून एकदा पुरती चार्ज करून काढून ठेवावी. लिथियमला तीन महिन्यांतून एकदा पुरे. आणि गडगडाट सुरू झाला की काहीही प्लगला ठेवू नका, हे सांगायला नको.

सोलर. टॉर्चच्या पाठीवरचा तुकडा बघा, सहा बाय तीन सेंटीमीटर. कडक उन्हात त्यातून पाव-एक तृतीयांश वॉट मिळाला तर नशीब, म्हणजे तो १२ वॉट-तासांचा सेल भरायला चाळीसेक तास स्वच्छ ऊन, दिवसाचं पाच-सहा तास धरलं तरी आठवडा. जुलैमध्ये सत्तरीत स्वच्छ ऊन कुठून आणणार! ज्या दिवसांत लाईट जाते त्याच दिवसांत ऊन नसतं, आणि मे महिन्यात उन्हात ठेवली तर सेल तापून लवकर म्हातारा होतो. हँडल फिरवून चार्ज होणारी पण येते, तिचं एवढंच सांगतो की आतला सेल बटणाएवढा असतो, हात दुखेपर्यंत फिरवून काही मिनिटांचा उजेड. पोरं खूश होतात.

वॉटरप्रूफ लिहिलंय त्याच्या बाजूला आयपीएक्स४ आहे की आयपीएक्स७ ते बघा. चार म्हणजे शिंतोडे, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणजे काहीच नाही. तसंही आपल्याकडे टॉर्च पाण्यात पडून कमी मरते आणि दमट हवेने जास्त, स्प्रिंगला गंज, स्विचला हिरवट थर. खोडरबरने घासलं की बहुतेक वेळा परत पेटते.

५० हजार तास एलईडीचे खरे असतील, थंड राहिला तर. पण एलईडीच्या आधी स्विच जातो, चार्जिंगचा पोर्ट हलतो, सेल बसतो. सेल बदलता येत नसेल तर टॉर्चचं आयुष्य तेवढंच.

फ्रिजचं: आजच्या सेलांना गरज नाही, आणि आपल्या हवेत थंड सेल बाहेर काढला की त्यावर लगेच दव धरतं. लाईट नसताना फ्रिज उघडायचा, तोही सेलासाठी, हे पण जरा गंमतीचंच.

उन्हात सेल वाळवायची सवय मात्र जुनी आहे, पत्र्यावर ओळीने सेल मांडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. साधा झिंक-कार्बन सेल तापला की आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि उरलासुरला दम बाहेर येतो, म्हणून पाच-दहा मिनिटं टॉर्च पेटते आणि माणसाला वाटतं भरला. भरत काही नाही, उलट गळायला लागतो. लिथियम सेल तर चुकूनही उन्हात ठेवू नका, फुगलेला असेल तर टोचू नका, पालापाचोळा जाळता त्या आगीत टाकू नका, फुटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि पंचायतीचा सुका कचरा न्यायला माणूस येतो त्याच्या हातात सांगून द्यायचा.