त्यांचा पगार आणि माझी मजुरी

आज सकाळी मी बेळगावातल्या एका खानावळीत थकलेले पैसे मागायला गेले होते. दर शनिवारी २०० कडक भाकऱ्या, ९ रुपये दराने, असे १७ शनिवार झाले. एकूण ३०,६०० रुपये. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आदराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि जेवायला बसलेल्या चार माणसांसमोर हसत म्हणाले, "वहिनी, उद्यमबागेत साहेबांचा पगार चालू असतोय की. तुम्ही कशाला एवढी घाई करायलाय?" मी चहा न पिता उठले. घरी येऊन पीठ मळायला बसले, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आता रात्री लिहायला घेतले आहे.

माझे यजमान उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत आहेत. भट्टीसमोर उभे राहून ते जो पगार आणतात तो त्यांच्या घामाचा आहे, त्याबद्दल मला आदर आहे. परंतु त्या पगाराचा माझ्या भाकरीच्या बिलाशी काय संबंध? त्याच खानावळीला गॅस पुरवणाऱ्याला कोणी विचारते का, की तुझी बायको शाळेत शिक्षिका आहे ना, मग सिलिंडरचे पैसे दिवाळीनंतर दिले तर चालतील? दूधवाल्याला विचारतात का? आमच्या गटातल्या कर्जाची वसुली करायला दर मंगळवारी जो मुलगा येतो, तो तरी माझ्या यजमानांच्या पगाराच्या तारखेपर्यंत थांबतो का? कर्ज देताना नवऱ्याची कागदपत्रे मागतात आणि वसुलीला मात्र बाईच्या दारात उभे राहतात. या वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. म्हणजे बाईने देणे असेल तेव्हा ती स्वतंत्र व्यावसायिक असते, आणि बाईचे येणे असेल तेव्हा ती कोणाची तरी बायको असते.

हे मला आज कळले असे नाही. २०१६ साली, मी हा उद्योग सुरू केला त्या वर्षी, नात्यातल्या एका लग्नासाठी ६०० भाकऱ्यांची ऑर्डर आली होती. "घरचेच कार्य आहे, जरा कमी लावा," असे म्हटल्यावर मी चार रुपयांना एक भाकरी कबूल केली. मी आणि आमच्या गल्लीतल्या अक्का, दोघींनी दोन दिवस चुलीपुढे बसून त्या बडवल्या. एक थापायची, एक शेकायची, हात दुखले की जागा बदलायची. दुसऱ्या रात्री माझ्या उजव्या हाताचा पंजा इतका सुजला होता की बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. २,४०० रुपये हाती आले, तेही लग्नानंतर तीन आठवड्यांनी, दोनदा आठवण केल्यावर. मांडववाल्याचा आणि बँडवाल्याचा हिशेब त्यांनी त्याच संध्याकाळी चुकता केला होता.

त्या पैशांतून ३२ किलो ज्वारी दळणासह १,१२० रुपये, लाकूड ३५० रुपये, अक्कांची दोन दिवसांची मजुरी ४०० रुपये आणि पिशव्या व रिक्षा १८० रुपये वजा केले, तेव्हा ३५० रुपये उरले. मी ते देवासमोर ठेवले आणि पहिला नफा म्हणून घरात सगळ्यांना पेढे वाटले. पुढच्या महिन्यात अक्का तापाने आडव्या झाल्या. बदली म्हणून आलेल्या बाईने दिवसाला २५० रुपये मागितले, मी घासाघीस न करता दिले, आणि त्या रात्री वहीत तो आकडा लिहिताना माझा हात थांबला. माझ्या जागी मला बाई लावावी लागली असती, तर मीच तिला दिवसाला २५० रुपये दिले असते. मग त्या लग्नातल्या माझ्या दोन दिवसांचे पैसे कुठे होते? ज्याला मी नफा समजून पेढे वाटले, ती माझी मजुरीसुद्धा नव्हती. अक्कांना ४०० मिळाले आणि पीठ आणण्यापासून पैसे मागण्यापर्यंत सगळे करणाऱ्या मला ३५०.

त्या दिवसापासून माझ्या वहीत खर्चाच्या बाजूला पहिली ओळ माझ्या मजुरीची असते. ज्वारी, लाकूड, पिशव्या हे सगळे त्यानंतर येते, आणि नफा म्हणजे त्याखाली जे उरेल ते. ही साधी गोष्ट सांगायला गेले की आपल्याच बायका हसतात, याचा मला त्या खानावळवाल्यापेक्षा जास्त राग येतो. शहापूरच्या एका हळदीकुंकवात एक शिकलेली बाई मला म्हणाली, "तुमचे बरे आहे, घरबसल्या वेळही जातो आणि चार पैसेही मिळतात." पहाटे साडेचारला उठून चूल पेटवणाऱ्या बाईचा वेळ जात नसतो हो, तो विकला जात असतो! शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचेही तेच. नणंदेचे ब्लाउज, जावेच्या साडीला फॉल, शेजारणीची पिको, सगळे "बसल्या बसल्या करून दे" या सदरात. दोरा, वीज आणि डोळे तिचे, आणि कौतुक मात्र फुकटचे.

नातेवाइकांनी सुरुवातीच्या ऑर्डरी दिल्या नसत्या तर माझी चूलच पेटली नसती, हे खरे आहे. ते मान्य करते आणि पुढे जाते.

स्वतःची मजुरी धरल्याने काय फरक पडतो, त्याचे एक ताजे उदाहरण सांगते. शिनोळीच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, एका दुकानदाराने महिन्याला ४० किलो शेंगा चटणी आणि कारळाची चटणी मागितली होती. आमच्यासाठी चंदगड म्हणजे बाजारहाट आणि सोयरीक करण्याचे अंतर, पण कायद्याने ते दुसरे राज्य आहे. आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. ती घेऊन विवरणपत्रे भरू लागले की कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून बायकांना मिळणारे महिन्याला २,००० रुपये बंद होतात, कारण लाभ घेणारी बाई किंवा तिचा नवरा जीएसटी भरणारा असेल तर त्या योजनेत बसता येत नाही. पहिल्या हिशेबात मला महिन्याला ९,००० रुपये सुटताना दिसत होते आणि मी जवळजवळ हो म्हटले होते. मग शेंगा भाजण्याचे, कुटण्याचे, पाकिटे भरण्याचे माझे दिवस मोजले, त्यांची मजुरी वजा केली, आणि उरले ३,०००. त्यातून गृहलक्ष्मीचे २,००० आणि हिशेबनिसाचे शुल्क गेले तर काय राहते? मी नम्रपणे नाही म्हटले. मोठी होऊ पाहणाऱ्या बाईला आधी मिळते ते सोडायला लावणारी ही रचना मला पटत नाही, परंतु तो निर्णय मी डोळे उघडे ठेवून घेतला. तोच हिशेब २०१६ सालच्या पद्धतीने केला असता, तर आज रात्री मी चटणी कुटत बसले असते.

आता त्या ३०,६०० रुपयांकडे येते. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. ती आधार क्रमांकावर होते, तिला एक रुपयाही लागत नाही, आणि तरी आमच्या भागात कितीतरी जणींनी ती केलेली नाही किंवा कोणा मध्यस्थाला हजार-पाचशे देऊन केली आहे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६ सालचा जो कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिले आहे की अशा नोंदणीकृत उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलेले नसेल तर १५ दिवसच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. पैसे थकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी भाकरी स्वतः बनवते, दुसऱ्याचा माल आणून विकत नाही, त्यामुळे हा कायदा माझ्यासाठी आहे. नवऱ्याला पगार असल्यास पैसे उशिरा दिले तरी चालतील, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

कायदा दाखवला की पुढची ऑर्डर जाते, हे मला कळते. कोरोनानंतर लग्नांच्या ऑर्डरी थांबल्या होत्या तेव्हा याच गृहस्थांनी मला पहिली नियमित ऑर्डर दिली होती, तेही विसरलेले नाही. ते वाईट मनुष्य नाहीत. खरे सांगायचे तर लिहिता लिहिता त्यांच्यावरचा माझा राग ओसरत चालला आहे. त्यांनी मुद्दाम अपमान केला नाही, त्यांना ते वाक्य आपुलकीचेच वाटले असणार. परंतु उपकार त्यांनी केला म्हणून १७ आठवड्यांची माझी मजुरी त्यांच्या गल्ल्यात राहावी, हा व्यवहार होत नाही.

दुपारी अक्कांना हे सगळे सांगितले. आता त्यांची साठी उलटली आहे, गुडघे दुखतात, त्या फक्त शेकायला बसतात. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, "या १७ शनिवारांचे माझे पैसे तू कुठून दिलेस गं?" मी म्हटले, घरखर्चातून दिले. म्हणजे यजमानांच्या पगारातून. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला तेव्हा लख्ख दिसले की खानावळीत जेवणाऱ्यांच्या ताटातली भाकरी चार महिने माझ्या घराच्या किराण्यातून जात होती. अक्कांना एकदाही थांबायला लावले नाही, एवढे एक समाधान मला आहे. २०१६ सालच्या त्या लग्नातही त्यांचे ४०० रुपये मी त्याच रात्री दिले होते, माझे पैसे यायच्या तीन आठवडे आधी.

बिल मी आता नव्याने लिहून ठेवले आहे. प्रत्येक शनिवारची तारीख, नग, दर, खाली उद्यम क्रमांक आणि ४५ दिवस उलटलेल्या रकमेची वेगळी बेरीज; एक प्रत मराठीत, एक कन्नडमध्ये, कारण त्यांचा हिशेबनीस कन्नड वाचतो. उद्या शुक्रवार आहे. शनिवारच्या २०० भाकऱ्यांचे पीठ दळून आले आहे. अक्कांनी जाताना विचारले, उद्या किती बडवायच्या? मी सांगितले, ती २०० धरू नका, बाकीच्या गिऱ्हाइकांपुरत्याच करू. सकाळी दहा वाजता मी बिल घेऊन खानावळीत जाणार आहे, आणि या वेळी चहा आला तर बसून पिणार आहे.