मंद आच, लाल रस्सा आणि काकांचा मेसेज

गेल्या आठवड्यात तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. आधी निपाणीच्या काकांनी टाकला, मग खानापूरच्या आत्याने, मग पुन्हा काकांनीच, बहुधा आपणच टाकलाय हे विसरून. मजकूर थोडक्यात असा: मटण तासन्‌तास मंद आचेवर ठेवलं की त्यातलं प्रोटीन जळून जातं, म्हणून कुकरला सहा शिट्ट्या काढून मोकळं व्हावं. मीठ शेवटी घालावं, नाहीतर मटण चामट होतं. रस्सा जितका लाल तितका तिखट, आणि तिखटाने अल्सर होतो. तिखट कमी हवं तर मिरचीच्या बिया काढाव्यात. खाली ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव नाही.

प्रोटीनचं आधी बघू. रश्श्यात बुडालेलं मटण उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापूच शकत नाही. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर, म्हणजे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. गॅस मोठा केला तर बुडबुडे वाढतात, पाणी आटतं, सिलिंडर लवकर संपतो; मटण काही जास्त तापत नाही. मग जळणार कुठून? प्रोटीनची घडण बदलते, पण ती अंडं उकडतानाही बदलते. काही ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, थोडी उष्णतेने कमी होतात, हे खरं. पण तो रस्सा आपण मोरीत ओततो का? भाकरी चुरून ओरपतोच की.

मंद आच लागते ती मटणातल्या चिवट जाळ्यासाठी. खाटकाकडून खांदा किंवा नळी आणली की तुकड्यांवर चकचकीत पांढरे पापुद्रे दिसतात, ते कोलॅजन. साठ-सत्तर अंशांच्या पुढे ते विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, रस्सा बोटांना चिकटतो तो त्यामुळेच. पण त्याला वेळ द्यावा लागतो. तास-दीड तास, बकरं जून असेल तर अडीच. गंमत म्हणजे सुरुवातीला मटण उलट जास्तच घट्ट होतं, कारण मांसाचे धागे आकसून आपलं पाणी बाहेर टाकतात. नेमकं तेव्हाच लोक घाबरतात आणि सगळं कुकरमध्ये ढकलतात.

कुकरशी माझं वैर नाही. आत १२० अंशांच्या आसपास तापतं, त्यामुळे जून बोकडाचं काम अर्ध्या तासात होतं. आक्षेप त्या ‘सहा शिट्ट्यां’ना आहे. शिट्टी किती वेळाने वाजणार हे आच, कुकरचा आकार आणि आतलं पाणी ठरवतं. ते काही घड्याळ नव्हे. मागच्या दिवाळीत मी स्वतः कोवळ्या मेंढराच्या मांडीला सहा शिट्ट्या दिल्या. झाकण उघडलं तर हाडं तळाला आणि मांस दोऱ्यासारखं वर तरंगतंय. पाहुणे काही बोलले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “खिमा चांगला झालाय.”

आजीची रीत याहून सोपी होती. जाड बुडाचं पातेलं, वर खोलगट झाकण, आणि झाकणात पाणी. आतली वाफ गार झाकणाला लागून परत मटणावर ठिबकते. वरचं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं आणि झाकणात पुन्हा गार घालायचं. रस्सा नुसता थरथरला पाहिजे, खदखदायला नको.

मिठाचं लवकर आटपतं. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं आणि मिरची घालण्याआधी जे पाणी काढून घ्यायचं त्याला आपण अळणी म्हणतो. नाव अळणी, पण मीठ पहिल्यापासून असतं. त्याने मटण चामट होत असतं तर आपल्या भागात कुणाचे दात शिल्लक राहिले नसते. उलट मीठ अर्धा तास आधी चोळलं तर धाग्यांमध्ये पाणी जास्त टिकतं. शेवटी घातलेलं मीठ रश्श्यातच राहतं, फोडीला चव लागत नाही.

मला खरा झोंबला तो मिरचीचा मुद्दा. आपल्या जिल्ह्यात बसून ‘लाल म्हणजे तिखट’ म्हणायचं? हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची सुरकुतलेली मिरची बघा, २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग असा की हात दोनदा धुवावे लागतात, आणि तिखट अगदी बेताचं. दुसरीकडे हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरचं नाव लावणारी संकेश्वरी, जी कानातून धूर काढते. रंग देणारं द्रव्य कॅप्सँथिन, जाळणारं कॅप्सेसिन. दोन्ही वेगळी, फक्त दोन्ही तेलात उतरतात, म्हणून कटाचा तवंग बघून घाबरायला होतं. आमच्या घरी आठ ब्याडगीला दोन संकेश्वरी असं प्रमाण आहे. गरम पाण्यात भिजवून वाटणात घातल्या की रंग येतो, आणि तापल्या तेलात पूड करपून रस्सा कडू व्हायची भीती नाही.

अल्सरचं काय? बहुतेक अल्सर होतात ते हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्यामुळे. त्या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. ज्याला आधीच ॲसिडिटी आहे त्याला झणझणीत रश्श्याने त्रास होतो, त्याने जपून खावं. पण रश्श्यावर खापर फोडून गुडघ्यासाठी रोज गोळी घेणारे लोक याच ग्रुपवर आहेत. नावं घेत नाही.

राहिल्या बिया. मिरची उभी चिरा. आत मधोमध पांढरट शिर दिसते, बिया तिलाच चिकटलेल्या असतात. तिखट तयार होतं त्या शिरेत. बियांना लागतं ते शेजारामुळे. बिया काढताना शीरही निघून येते, म्हणून मिरची सौम्य लागते आणि नाव बियांचं होतं. खात्री करायची तर बी धुऊन चावा, मग शिरेचा कणभर तुकडा जिभेवर ठेवा. जळजळलं तर पाणी पिऊन भागणार नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही. दह्याची वाटी जवळ ठेवा. आणि काका, तो हात लगेच डोळ्याला लावू नका.