पाय जोरात उडणे म्हणजे तल्लख मेंदू नव्हे

गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय जितका जोरात उडेल तितका मेंदू तल्लख, असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावरून घरी मुलांची परीक्षा घेणं तर नकोच.

ठोका गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यावर बसतो आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूतले बारीक संवेदक ही वाढलेली लांबी टिपतात. संदेश कंबरेजवळ मज्जारज्जूत शिरतो, तिथेच थेट चालक चेतापेशीला (स्नायूला हलवणाऱ्या पेशीला) चेतवतो आणि स्नायू आकसतो. मेंदूच्या हुकमाची वाट कोणी पाहत नाही. त्याच वेळी मांडीमागच्या स्नायूंच्या चालक चेतापेशींना आवर घातला जातो. लिडेल आणि शेरिंग्टन या शरीरक्रिया-शास्त्रज्ञांनी 1924 मध्ये हीच ताण-प्रतिक्षिप्त क्रिया मांडली.

मेंदूचा यात हात आहे, पण वेगळा: तो या क्रियेची तीव्रता कमी-जास्त करतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा, झटका सहसा वाढतो. मेंदूचा हा ताबा सुटला तर झटका वाढतो; म्हणूनच अति जोरदार झटका कधी कधी पक्षाघातासारख्या आजाराची खूण असतो. निरोगी माणसातही तो मंद असू शकतो; डॉक्टर डाव्या-उजव्या पायातला फरक पाहतात.